वळणापलीकडचा माणूस

कामाशिवाय प्रवास करावा का, हा प्रश्न आपल्या घरांत अजूनही विचारला जातो. तरुण मुलगा रविवारी फजरची नमाज आटोपून मोटारसायकल बाहेर काढतो, हेल्मेट चढवतो. दादी ओट्यावरून विचारते, "कुठं चाललास बेटा?" तो म्हणतो, "कुठं नाही, जरा फिरून येतो." "काम काय?" "काम काही नाही." या उत्तराने दादीचे समाधान होत नाही. लग्न, मयत, बाजार, दवाखाना, उरूस, कोर्टाची तारीख ही तिला ठाऊक असलेली प्रवासाची कारणे. नुसता रस्ता चांगला आहे म्हणून त्या रस्त्याने जायचे आणि परत यायचे, ही गोष्ट तिच्या हिशेबात बसत नाही.

दादीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पेट्रोलला पैसे पडतात आणि उधळपट्टीला आपल्याकडे इस्राफ म्हणून नावे ठेवली जातात. पण उत्तराची बाजूही तितकीच भक्कम आहे. सूरह नहलमध्ये घोडे, खेचरे आणि गाढवे यांचा उल्लेख येतो, तिथे ती स्वारीसाठी आहेत एवढ्यावर विषय संपत नाही. त्यांच्यात शोभा आहे, हेही सांगितले जाते. लगेच पुढे, माणसाला ठाऊक नसलेल्या गोष्टीही निर्माण केल्या जातात असे येते, आणि आधुनिक काळातील काही भाष्यकारांनी त्यात यंत्रावर चालणारी वाहनेही पाहिली आहेत. सूरह अन्कबूतमध्ये तर जमिनीवर फिरून निर्मितीची सुरुवात कशी झाली ते पाहण्याचे आवाहन आहे. म्हणजे स्वारीचा आनंद आणि पाहण्यासाठी केलेली भटकंती, दोन्हींना जागा आहे. तेव्हा फिरावे की नाही हा वाद मी इथे घालत नाही. मला वाटणारा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. आपला आनंद ज्या रस्त्यावर उभा असतो, तो रस्ता कोणाचा असतो आणि त्याचे आपल्यावर काय देणे लागते?

वळणावळणाचे रस्ते शोधण्याचा छंद पुण्या-मुंबईच्या तरुणांत आता चांगलाच रुजला आहे आणि जुन्नर तालुका त्यांच्या आवडीचा आहे. आळेफाट्यावर पुणे–नाशिक आणि कल्याण–नगर हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. बहुतेक वाहने या चार दिशांनीच येतात-जातात. पण या फाट्याच्या दक्षिणेला, कुकडीच्या काठी, बोरी बुद्रुक आहे. मोठ्या रस्त्यांच्या मधल्या बेचक्यात असलेली अशी गावे एकमेकांना ज्या लहान डांबरी रस्त्यांनी जोडलेली असतात, खरा रस्ता शोधणारा तिकडेच वळतो. जाणकार माणूस त्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचा ५० हजारास एक या प्रमाणाचा नकाशा उघडतो. त्यावर समान उंचीच्या रेषा दर २० मीटरला काढलेल्या असतात. रेषा जिथे दाटीने येतात तिथे चढ आहे, आणि त्या दाटीतून रस्ता जात असेल तर तो वळल्याशिवाय वर जाऊ शकत नाही. नकाशा नसेल तर चहाच्या टपरीवर विचारावे. मुक्कामाची एसटी कोणत्या वाडीला जाते आणि दुधाच्या किटल्या कोणत्या बाजूने येतात, एवढे कळले तरी रस्ता सापडतो.

पण रस्ता वळतो का, याचा विचार फार थोडे लोक करतात. जुन्नरात वळणे दोन जातींची आहेत. पश्चिमेला नाणेघाट, माळशेज, भीमाशंकरच्या बाजूला डोंगर आहे. तिथे रस्ता डोंगराला वळसा घालतो, कारण बैलाला, घोड्याला आणि पुढे इंजिनाला ठरावीक चढच झेपतो. नाणेघाटाची दगडी वाट सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपासून व्यापाऱ्यांच्या जनावरांनी तुडवलेली आहे. तिथली वळणे जनावराच्या दमाने ठरवलेली आहेत. बोरीच्या बाजूला मात्र मोठा डोंगर नाही. तिथला रस्ता सपाटीवर चालता चालता एकदम काटकोनात वळतो, थोडे पुढे जाऊन पुन्हा वळतो. नवख्या माणसाला हे गमतीचे वाटते. त्याचे कारण शेताचे बांध आहेत.

आपल्याकडचे गावरस्ते बहुतेक पाणंदीतून आणि गाडीवाटांतून तयार झाले. शेताच्या मधून वाट काढली तर पीक तुडवले जाते, म्हणून वाट बांधाने जाते. पलीकडच्या शेतकऱ्याला आपल्या रानात जायला वाट नसेल, तर शेजाऱ्याच्या हद्दीवरून त्याला वाट मिळावी, अशी तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ मध्ये आहे आणि तहसीलदार त्यावर निर्णय देतो. अस्तित्वात असलेली वाट कोणी अडवली तर ती मोकळी करून देण्यासाठी १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे. वाटेवरून झालेली भांडणे, वर्षानुवर्षे चाललेले खटले आणि शेवटी दोन्ही बाजूंनी सोडलेले हात-दोन हात, यांतून पाणंद टिकते. पुढे त्या पाणंदीवर मुरूम पडतो, खडी पडते, एक दिवस डांबर येते. डांबर आले तरी बांधाचे वळण तसेच राहते.

सरळ रस्त्याची गोष्ट वेगळी आहे. सरळ रस्ता काढायला भूसंपादन लागते, मोबदला लागतो, डोंगर कापावा लागतो. पुणे–नाशिक रस्त्यावर खेड घाटाला आणि नारायणगावला वळसा घालणारे बाह्यवळण झाले. त्याने लोकांचा वेळ वाचला आणि जीवही वाचले असतील. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पण एक फरक ध्यानात घ्यावा. रुंद सरळ रस्त्यासाठी शेत बाजूला सरकते. वळणाच्या रस्त्यात रस्ता बाजूला सरकतो. कोणाची विहीर होती, कोणाचा आंबा होता, कुठे पीराचे थडगे होते, कुठे म्हसोबाचा दगड होता, आणि रस्त्याने त्या सगळ्यांना जागा दिली. आज मोटारसायकलवाल्याला जे वळण घेताना आनंद होतो, ते वळण दुसऱ्या कोणाच्या तरी हक्काची खूण आहे. तो आनंद त्याने विकत घेतलेला नाही. गावाने न मागता दिलेली ती मेहमानी आहे.

या भागातल्या एका जुन्या मुसाफिराची आठवण इथे होते. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४७० च्या आसपास चौलला उतरून जुन्नरला पोहोचला. बहमनी राजवटीचा तो काळ. विकण्यासाठी त्याने एक घोडा सोबत आणला होता आणि त्याची सगळी पुंजी त्या घोड्यात होती. पावसाळा त्याला जुन्नरला काढावा लागला. चार महिने जिकडे तिकडे पाणी आणि चिखल होता, असे त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवले आहे. जुन्नरचा गड खडकावर आहे आणि वरची वाट एवढी अरुंद आहे की एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो, हेही त्याने लिहिले. तिथल्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला. हा मनुष्य ख्रिस्ती आहे हे कळल्यावर, धर्म बदललास तर घोडाही मिळेल आणि वर मोहराही, नाहीतर घोडा गेलाच आणि दंडही भरावा लागेल, असे त्याने बजावले. विचार करायला चार दिवसांची मुदत दिली. त्या मुदतीत खुरासानचा एक ख्वाजा मुहम्मद तिथे आला. निकितिनने त्याला गाऱ्हाणे सांगितले. तो खानाकडे गेला, रदबदली केली, धर्मांतराचा विषय बंद करवला आणि घोडा परत आणून दिला.

दोघेही मुसलमान होते. एकाला परक्या मुसाफिराची अडचण ही आपल्या सत्तेची संधी वाटली, दुसऱ्याला तिच्यात आपली जबाबदारी दिसली. निकितिनचा आपल्या इतिहासाशी एवढाच संबंध नाही, पण रस्त्याच्या नीतीपुरता तो पुरेसा आहे. वाटेवर दोन माणसे भेटतात तेव्हा दोघांची ताकद सारखी नसते. त्या काळी जुन्नरच्या वाटेवर मुसाफिर दुबळा होता आणि यजमान बलवान. आज रविवारी सकाळी बोरीच्या रस्त्यावर ही उतरंड उलटी झालेली असते. दोन-अडीच लाखांच्या गाडीवर, चामडी जाकीट घालून येणारा पाहुणा बलवान असतो. डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन चाललेली बाई, सायकलवरचे शाळकरी पोर, मेंढरांचा कळप हाकणारा धनगर आणि उसाची बैलगाडी ही दुबळी बाजू. घोडा आता आपल्या हातात आहे. असदखान व्हायचे की ख्वाजा मुहम्मद, हे ठरवणेही आपल्याच हातात आहे.

रस्त्याला हक्क असतात, ही कल्पना आपल्याला नवी नाही. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत एक प्रसंग आहे. पैगंबरांनी सहाबांना रस्त्यावर बैठक मारण्यापासून सावध केले. त्यावर सहाबा म्हणाले, तिथे बसल्याशिवाय आमचे चालत नाही, आमच्या गप्पा तिथेच होतात. तेव्हा पैगंबरांनी बंदी लादली नाही. बसायचेच असेल तर रस्त्याला त्याचा हक्क द्या, एवढे सांगितले आणि हक्क मोजून दाखवले: नजर खाली ठेवणे, कोणाला इजा न करणे, सलामाला उत्तर देणे, भल्याचा आग्रह धरणे आणि वाइटापासून रोखणे. मला हा प्रसंग मोलाचा वाटतो, कारण त्यात माणसाच्या आवडीला मान्यता आहे आणि त्या आवडीची किंमतही ठरवून दिलेली आहे. मोटारसायकलवाल्यालाही हेच लागू करून पाहता येईल.

आधी इजेचे पाहू. आंधळे वळण म्हणजे जिथे उसामुळे, घराच्या कोपऱ्यामुळे किंवा दरडीमुळे पुढचे दिसत नाही ते वळण. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात १६ ते १७ मीटर पुढे जाते. समोर काही दिसले, ते मेंदूला कळले आणि हातापायाने ब्रेक धरला, यात सावध माणसाचाही एखादा सेकंद जातो. त्यानंतर कोरड्या चांगल्या डांबरावर गाडी थांबायला आणखी वीस-पंचवीस मीटर लागतात. म्हणजे एकूण सुमारे ४० मीटर. हीच गाडी ४० च्या वेगाने असेल तर एकूण वीस-बावीस मीटरमध्ये थांबते. वेग दीडपट झाला की थांबण्याचे अंतर जवळजवळ दुप्पट होते, कारण ब्रेकचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शिवाय वळणात गाडी कललेली असते. टायरची बरीचशी पकड वळण्यातच खर्च झालेली असते आणि ब्रेकसाठी थोडीच उरते. रस्त्यावर बारीक खडी सांडलेली असेल, कांद्याची पात किंवा ट्रॅक्टरच्या चाकाचा चिखल पडलेला असेल, तर हा हिशेबही कोसळतो.

यातून एक साधा नियम निघतो: जेवढे दिसते तेवढ्यात थांबता येईल, एवढाच वेग आपला. वीस मीटर दिसत असतील तर ६० चा वेग ठेवणे म्हणजे उरलेल्या वीस मीटरमध्ये कोणी नसेल अशी पैज लावणे. त्या पैजेत आपला जीव तर लागलेला असतोच, पण पलीकडच्या माणसाचाही लागलेला असतो. त्याला कोणी विचारलेले नसते. तो आपल्या रानात पाण्याची पाळी बघायला निघालेला असतो.

मला माझा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार आहे, धोक्याशिवाय मजा कसली, असे तरुण म्हणतात. आपला जीवही आपल्याकडे अमानत आहे, हे उत्तर आपल्या वाचकांना नवे नाही. पण ज्याला ते पटत नसेल त्यानेही वळणापलीकडच्या माणसाचा विचार करावा. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यांतली ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. या आकड्यातल्या प्रत्येकाच्या मागे एक घर आहे. मयतीला गेलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. जनाजा उठतो तेव्हा गाडी किती सीसीची होती, हे कोणी विचारत नाही. मागे राहिलेली बायको काय करील, पोरांची फी कोण भरील, हे विचारतात.

दुसरा एक आक्षेप जास्त न्याय्य आहे. गावचे लोक तरी कुठे नीट चालवतात? तिघे तिघे बसतात, हेल्मेट नसते, ट्रॅक्टरला मागचा दिवा नसतो, उसाच्या बैलगाड्या रात्री अंधारात चालतात. मग सगळा भार हौशी माणसावरच का? हे खरे आहे, आणि गावानेही आपले घर सुधारले पाहिजे. बैलगाडीच्या मागे चमकणारी पट्टी लावायला फार पैसे लागत नाहीत. तरीही दोघांत एक फरक उरतो. दूधवाल्याला डेअरी बंद होण्याआधी पोहोचायचे असते. ऊसतोडणी कामगाराला गाडी कारखान्यात खाली करायची असते. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची क्रेट वेळेवर गेली नाहीत तर भाव पडतो. त्यांच्या घाईला निदान पोटाचे कारण आहे. जो केवळ आनंदासाठी निघाला आहे, त्याच्याकडे घाईची सबब नाही. दादीने विचारलेल्या "काम काय?" या प्रश्नाचे "काही नाही" हे उत्तर खरे असेल, तर त्या उत्तरातच त्याचे कर्तव्यही आले. ज्याला काम नाही त्याने थांबावे, वाट द्यावी. मेंढरे जाईपर्यंत गाडी बंद करून उभे राहण्यात त्याचे काहीच बुडत नाही.

राहिले आवाज आणि नजर यांचे. सूरह लुकमानमध्ये चालण्यात मध्यम गती आणि बोलण्यात हळू आवाज यांचा उपदेश एकाच आयतीत, शेजारी शेजारी येतो, आणि कर्कश आवाजासाठी गाढवाचे उदाहरण दिले जाते. सायलेन्सर बदलून गाडी फाडफाड वाजवणाऱ्याने ते उदाहरण आठवावे. बोरीच्या जवळच खोडदला रेडिओ दुर्बिणींचा प्रकल्प आहे. ४५ मीटर व्यासाच्या एकूण ३० तबकड्या २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. आकाशातून येणारे अतिशय क्षीण संकेत त्या टिपतात. माणसाने निर्माण केलेला रेडिओ गोंगाट कमी, हे ही जागा निवडण्याचे एक कारण होते. पेट्रोल इंजिनाच्या प्लगमध्ये पडणारी ठिणगीसुद्धा रेडिओलहरी सोडते. आपल्याला ऐकू न येणाऱ्या गोंगाटाचीही कोणाला तरी अडचण होऊ शकते, हे या परिसरात विज्ञानच सांगते. मग कानाला ऐकू येणाऱ्या गोंगाटाबद्दल, घरात निजलेल्या तान्ह्या पोराबद्दल, जनावर बुजण्याबद्दल आणखी काय सांगावे?

नजरेचे तसेच. कुकडीच्या पात्राजवळ, बोरीला, ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ती राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून आली. ती ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची की त्याहून पुष्कळ जुन्या स्फोटाची, यावर अभ्यासकांत वाद आहे, कारण त्याच थरांशी संबंधित दगडी हत्यारे इथे मिळाली आहेत आणि राखेच्या वयावरून इथल्या आदिमानवाचे वय ठरते. जमिनीवर फिरून निर्मितीची सुरुवात पाहायची असेल, तर यापेक्षा चांगली जागा क्वचितच मिळेल. पण ती पाहण्याची एक रीत आहे. गाडी वर रस्त्यावर ठेवावी, पात्रात चाके घालू नयेत, थर उकरू नयेत, आठवण म्हणून मूठभर राख खिशात घालू नये. आणि नदीवर कोणी धुणे धूत असेल तर कॅमेरा दुसरीकडे वळवावा. नजर खाली ठेवण्याचा हक्क रस्त्याप्रमाणे नदीकाठालाही आहे.

शेवटचा प्रश्न चांगला रस्ता सापडल्यावर तो इतरांना सांगावा का, हा आहे. काही जण तो लपवून ठेवतात, काही जण सगळ्या जगाला सांगतात. माळशेजचे काय झाले ते आपण पाहिले आहे. पावसाळ्यात तिथे एवढी गर्दी होऊ लागली की गेल्या काही वर्षांत प्रशासनाला बंदीचे आदेश काढावे लागले. मला लपवणे पटत नाही. जी वाट आपण बांधली नाही ती आपल्या मालकीची कशी होईल? पण नुसते ठिकाण सांगणे म्हणजे अर्धेच सांगणे. रस्ता सांगावा तो त्याच्या हक्कांसह. शाळा किती वाजता सुटते, उसाच्या गाड्या कोणत्या महिन्यांत चालतात, कोणत्या मोरीवर पावसात पाणी येते, कोणत्या वळणावर घराचे दार थेट रस्त्यावर उघडते, संध्याकाळनंतर उसातून बिबट्या कुठे रस्ता ओलांडतो, हे सगळे सांगावे. ज्याला हे ठाऊक नाही, त्याला तो रस्ता अजून सापडलेला नाही.

वाटेतली इजा करणारी वस्तू दूर करणे हा सदका आहे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. काटा, दगड, काच ही त्याची नेहमीची उदाहरणे. वळणावर खडी सांडलेली दिसली तर गाडी बाजूला लावून पायाने ती साइडपट्टीकडे सारायला दोन मिनिटे लागतात. ज्याला काम नाही त्याच्याकडे ती दोन मिनिटे नक्कीच असतात. आणि वेगाने वळणात शिरणारी आपली स्वतःची गाडी, हीही त्या वाटेवरची इजा करणारी वस्तू असू शकते. ती दूर करायला खाली उतरावे लागत नाही. मूठ थोडी सैल सोडली, समोरून येणाऱ्याला आधी जाऊ दिले, त्याने हात वर केला तर आपणही केला, एवढे पुरे. दादीला संध्याकाळी सांगायला मग काहीतरी काम केल्यासारखेही होईल.